कृपयामावशींचा रुमाल

कृपयामावशी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. एकदा हिंदीत, मग मराठीत. मजकूर तोच, सूर तोच, फक्त भाषा वेगळी. "चाय उबल रही है. चहा उकळतोय." "दरवाज़ा खुला है. दार उघडं आहे." आणि आवाज असा, की स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या गल्लीत त्यांच्या स्वयंपाकघरात चहा उकळायला लागला की समोरच्या लॉजमधल्या पाहुण्यांनी कप घेऊन खिडकीत यावं. त्यांना हळू बोलताच येत नसे. देवळात प्रदक्षिणा घालताना त्या देवाकडे काय मागताहेत ते सगळ्या रांगेला कळायचं. "मागायचं तर ऐकू जाईल असं मागावं," असं त्यांचं त्यावर म्हणणं.

यात त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म त्यांनी ग्वाल्हेरच्या स्टेशनवर माइकसमोर बसून काढला होता. कुठली गाडी किती उशिरा आणि कुठल्या फलाटावर, हे लाखो माणसांना त्यांच्याच तोंडून कळलं. पुढे रेकॉर्ड केलेला आवाज आला, मावशी निवृत्त झाल्या, पण गळ्यातला लाउडस्पीकर काही निवृत्त झाला नाही. बोलण्याची सुरुवातही कायम 'कृपया'ने. रागावल्या तरी. "कृपया अपनी चप्पल बाहर उतारें. चपला बाहेर काढ, गाढवा!" मराठी भागात थोडी भर पडायची ती अशी. त्यामुळे शहरात गोरखीपासून हजिऱ्यापर्यंत सगळ्या मराठी घरांत त्या कृपयामावशी. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. ते कसं, ते पुढे येईल.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मी हरवले तेव्हा. सहा वर्षांची होते. आम्ही झाशीला मामाच्या लग्नाला निघालो होतो, बाबा तिकिटाच्या रांगेत, आई सामानाशी, आणि मी तिळाची गजक विकणाऱ्या एकाच्या मागे मागे कुठल्या कुठे. कोणीतरी मला उचलून मावशींच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. मी भोकाड पसरलेलं. "कृपया नाव सांग," त्या म्हणाल्या. घाबरून मी घरातलं नाव सांगितलं, सोनू. मावशींनी माइक ओढला आणि 'सोनू नाम की एक बच्ची' असं सगळ्या स्टेशनला कळवलं.

पाच मिनिटांत तीन कुटुंबं धावत आली. एका बाईच्या कडेवर तर तिची सोनू होती, तरी ती आली होती. घाबरलेल्या माणसाला मोजता येत नाही, असं मावशी नंतर सांगत. त्या तिघांत माझे आईबाबा नव्हते. मावशींनी मग मला स्टुलावर बसवलं, अर्धी गजक हातात दिली आणि विचारलं, "बेटा, तुझे बाबा काय करतात?" मी म्हटलं, "पगडी." झालं. माइकवर पुन्हा आवाज गेला, "यात्रीगण कृपया ध्यान दें. पगड़ीवालों की बेटी हमारे पास है. पगडीवाल्यांची मुलगी आमच्याकडे आहे." सरकारी माइकवर मराठी चालत नसे, पण त्या दिवशी चाललं. आणि बाबा तिकिटाची रांग तोडून, एका चपलेनिशी धावत आले. ते एकटेच आले, कारण सगळ्या स्टेशनात पगडीवाल्यांची मुलगी एकच होती.

मावशींनी ही गोष्ट मला पुढे किमान शंभर वेळा सांगितली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोनशे. तात्पर्य ठरलेलं असायचं, "नाव छान असून काय करायचं, सोनू? नाव घेतलं की नेमका तोच माणूस वळला पाहिजे. नाहीतर ते नाव नाही, गलबला आहे."

त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या. यजमान फार लवकर गेलेले, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर तर रोज दुपारी गोरखीजवळच्या आमच्या दुकानात यायच्या, येताना कागदात गुंडाळलेली गरम बेडई पुरी आणायच्या आणि दाराशी असलेल्या लाकडी खुर्चीवर आपला रुमाल टाकायच्या. मग आत येऊन बाबांशी उभ्याने बोलायच्या. खुर्ची रिकामीच असायची, दुकानात दुसरं कोणी नसायचं, तरी रुमाल आधी. पांढरा, चौकोनी, कडेला निळी रेघ. "जागा दिसली की आधी रुमाल, मग गप्पा," हा त्यांचा नियम. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं त्यांनी जन्मभर काचेतून पाहिली होती, आणि त्यांच्याबद्दल त्यांना मनापासून आदर होता.

आता बाबांविषयी. बाबा शिंदेशाही पगडी बांधतात. चंदेरीचं झिरझिरीत कापड, त्याला पीळ देत देत दोरीसारखं करायचं आणि लाकडी साच्यावर वेढ्यावर वेढा चढवत पुढे चोच काढायची. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, तलवारी गेल्या, पगड्या राहिल्या. एका पगडीला बाबांना चार दिवस लागतात आणि चार दिवसांत ते चार वाक्यं बोलतात. मी लहानपणापासून शेजारी बसून पीळ द्यायला शिकले. माझा पीळ बाबांपेक्षा बारीक येतो, हे बाबा सोडून सगळे कबूल करतात.

पण दिवस पालटले होते. नवरदेवाला रेडीमेड पगडी घरपोच मिळायला लागली, आत थर्माकोल असलेली, डोक्यावर टोपीसारखी चढणारी. बाबांकडे येणारे उरले ते दोन प्रकारचे, हौशी लग्नवाले आणि तेराव्याचे. आमच्या शहरात वडील गेले की तेराव्याला मुलाच्या डोक्याला पगडी बांधतात. म्हणजे आता घर तुझं, जबाबदारी तुझी. बाबांनी अशा किती पगड्या बांधल्या असतील! आणि त्यांना स्वतःला मुलगा नाही. मी एकटी. हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण तेराव्याची पगडी बांधताना त्यांचा हात जरा सावकाश चालायचा, ते मला दिसत असे.

एके दिवशी त्यांनी जेवताना सांगितलं की या वर्षीची लग्नं आटोपली की दुकान खाली करून द्यायचं, घरमालकाला शब्द दिला आहे. "माझ्यानंतर कोण बसणार?" मी समोर बसलेली होते. हात भाताने भरलेला. मला इतका राग आला, की मी ताटावरून उठले आणि सरळ पडावला मावशींकडे गेले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझी गाडी किती वाजता सुटते?" म्हणजे माझ्याकडे वेळ किती. मी म्हटलं, "एक सीझन, मावशी. फक्त एक. साईट बनवते. फोटो मी काढीन, ऑर्डर मी घेईन, डोक्याचं माप कसं घ्यायचं त्याचा व्हिडिओ टाकीन. दुनियाभर मराठी लोक आहेत, लगनात असली पगडी कोणाला नको? बाबांना फक्त पगडी बांधायची आहे, यार, आणखी काय पाहिजे!" दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी दुकानात आल्या, खुर्चीवर रुमाल टाकला आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, कृपया एक सीज़न दीजिए. मुलीला एक सीझन द्या." दोन भाषांत मागितलेलं बाबांना नाकारता आलं नाही. मात्र त्यांनी अट घातली, साईटचं नाव ते ठरवणार.

आणि त्यांनी ठरवलं. 'श्रीमंत सुभेदार धोंडजीराव राजेशाही शिरोभूषण भांडार ग्वाल्हेर'. धोंडजीराव आमचे खापरपणजोबा. मी कपाळावर हात मारला. "बाबा, हे टाईप करेपर्यंत नवरदेवाचं लगन होऊन मुलं शाळेत जातील!" बाबा दुखावले. आमच्या लोकांचं हे असंच आहे, नावात एक तरी पूर्वज, एक तरी पदवी आणि एक तरी गाव बसवल्याशिवाय आम्हांला ते आपलं वाटत नाही. आमच्या दारावरची पाटीच बघा ना, बेल शोधावी लागते.

तेव्हा मावशी खुर्चीवर सरसावून बसल्या. "भाऊ, रागावू नका, नावाची परीक्षा घेऊ. पास झालं तर धोंडजीराव." आणि सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे आठ दिवस. घरचे पाच दिवसांचे गणपती नुकतेच विसर्जित झाले होते, डोक्यात ढोल अजून वाजतच होते, आणि आम्ही दोघी नावं शोधत सुटलो होतो. मी वहीत नावं लिहायची, मावशी त्यांना फैलावर घ्यायच्या.

पहिली परीक्षा फोनची. हजिऱ्याला त्यांच्या वन्सं राहायच्या, वय झालेलं, कान तिखट पण धीर कमी. मावशी त्यांना फोन करून नाव एकदाच सांगायच्या, फक्त एकदा, आणि तासाभराने पुन्हा फोन करून विचारायच्या, "सांगा, काय होतं?" धोंडजीरावांच्या नावावर वन्सं म्हणाल्या, "कोण तरी गेलं म्हणालीस ना?" बाबांनी मान खाली घालून कापडाला पीळ द्यायला घेतला.

आकडे असलेलं नाव मावशींनी ऐकूनही घेतलं नाही. मी कुठेतरी चोवीस जोडून पाहत होते, कारण इंटरनेटवर नुसतं नाव कोणीतरी आधीच घेतलेलं होतं. "अगं, मी चाळीस वर्षं गाड्यांचे नंबर ओरडले. एका प्रवाशाला नंबर लक्षात राहिलेला मी पाहिला नाही. सगळे येऊन गाडीचं नावच विचारतात." मधे आडवी रेघ घातलेलं नावही बाद. "ती रेघ तू तोंडाने कशी सांगणार?" शहराचं नाव घालायचं म्हटलं तर म्हणाल्या, "शेवटच्या स्टेशनचं नाव गाडीला दिलं की गाडी पुढे नेता येत नाही. उद्या पुण्याचा फेटा बांधशील, इंदूरची पगडी बांधशील, तेव्हा?" आणि राजा, शाही, रॉयल असले शब्द जोडून मी जे जे टाकत होते ते एकतर गेलेलं, नाहीतर त्याच्यासारखीच पन्नास. मावशी स्क्रीनकडे बघून मान हलवायच्या. "सगळ्या सोनूच आहेत."

शेवटची परीक्षा फलाटाची. तीच सगळ्यात अवघड. मावशी दुकानाच्या पायरीवर उभ्या राहणार, मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मधे टेम्पो, हातगाड्या, शाळा सुटलेली पोरं. त्या वहीतलं एकेक नाव ओरडणार. नाव माझ्यापर्यंत स्वच्छ पोचलं पाहिजे आणि वाटेतल्या लोकांनी एकदा तरी मान वर केली पाहिजे. अकरा नावं ओरडून झाली. कोणी बघितलंही नाही. एक म्हैस तेवढी थांबली, पण ती दर वेळी थांबते. ऊन चढलं होतं, मावशींचा चेहरा लाल झालेला. मी तिकडे कंटाळून एका बांगडीवाल्याशी बोलत बसले. तेव्हा मावशी चिडल्या आणि वही मिटून पोटातून ओरडल्या, "अरी ओ पगड़ीवालों की बेटी! पगडीवाल्यांच्या मुली! इकडे ये!"

सगळी गल्ली वळली. खरंच सांगते, सगळी! शिंपी शिवणयंत्र थांबवून, पानवाला हातात चुना घेऊन, शाळेतली पोरं, टेम्पोवाला. आणि वळून सगळ्यांनी बघितलं कोणाकडे, तर माझ्याकडे. बांगडीवाला म्हणाला, "जाओ दीदी, तुम्हें बुला रहे हैं." मी धावत सुटले. तिकडून मावशी पायऱ्या उतरून धावत येत होत्या, त्या वयात, पदर खोचून. मधेच भेटलो आणि हेच ते नाव, असं दोघी एकदमच बोललो. मी हिंदीत, त्या मराठीत.

त्याचं छोटं रूप व्हायला दोन मिनिटं लागली नाहीत. पगडीबेटी. चार-पाच वेळा म्हणून पाहिलं, वन्संना फोन केला, तासाभराने वन्संनी विचारायच्या आधीच सांगितलं, "पगडीबेटी. ही भाऊंची मुलगी ना?" मी लगेच नाव टाकून पाहिलं. मोकळं होतं! सगळ्या जगात कोणी घेतलेलं नव्हतं. मी खुर्चीवरून उडीच मारली.

बाबा कापडाला पीळ देत होते. ते थांबले. मग म्हणाले, "मराठी घरात हे हिंदी नाव." मावशी म्हणाल्या, "हाक ऐकणारे सगळे हिंदी आहेत, भाऊ." मग बाबांनी खरं मनातलं काढलं. "पगडी मुलाच्या डोक्याला असते, ताई. मुलीचं नाव पगडीला लावलं तर लोक काय म्हणतील?" मी काही बोलणार तोच मावशींनी हाताने मला थांबवलं. बाबा उठले, भिंतीवरच्या पंचांगाशी गेले आणि त्यांना सुटका सापडली. "पितृपक्ष लागलाय. या दिवसांत नवं काही करत नाहीत. घटस्थापनेला बघू."

"भाऊ, गाडी फलाटाला लागलीय आणि तुम्ही पंचांग बघताय?" "घटस्थापनेला," बाबा म्हणाले. त्या स्वरात ते बोलले की पुढे बोलायचं नसतं. मावशींनी खुर्चीवरचा रुमाल उचलला, घडी केली आणि निघाल्या. एकदाच म्हणाल्या, "येते." दोनदा नाही. मला वाटलं, फार वाईट वाटलंय त्यांना.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज एकदा मोबाइल उघडायचे आणि नाव बघायची हिंमत न होऊन बंद करायचे. बाबा नावाविषयी चकार शब्द काढत नव्हते. 'ती साईट', 'ते काम', एवढंच. मला वाटायचं, ते घटस्थापनेलाही काहीतरी निमित्त काढतील.

घटस्थापनेच्या सकाळी मी उठले तर बाबा आंघोळ करून, धोतर नेसून तयार. घट बसले, आरती झाली, आणि त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःच्या हाताने पाटावर ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं. कळफलकावर अक्षता टाकल्या, त्यातली एक अजून एका बटणाखाली आहे. म्हणाले, "घे आता." माझे डोळे भरून आले. मी नाव टाकलं.

नाव गेलेलं होतं.

मी पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. कोणीतरी ते घेतलं होतं. मला रडूही येईना. आई म्हणाली, "दुसरं बघू ना गं," आणि मला ते ऐकवेना. मी बाबांकडे रागाने पाहणार होते, पण बाबांकडे बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. ते भिंतीला टेकून खाली बसले होते. "माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी कपाट उघडलं आणि एक डबी माझ्या पुढ्यात ठेवली. आत कापडाच्या पट्ट्या होत्या, पगडीच्या आतल्या बाजूला लावतात तशा. बोटाएवढ्या. प्रत्येकीवर जरीच्या धाग्याने, हाताने, एकेक टाका घालून लिहिलं होतं, पगडीबेटी. त्यांनी पितृपक्षाचे सगळे दिवस बसून त्या पट्ट्या केल्या होत्या. तोंडाने एकदाही न बोललेलं नाव त्यांनी चाळीस वेळा शिवलं होतं.

मी मावशींना फोन केला आणि फोनवर हमसून हमसून रडले. "कृपया प्रतीक्षा करें. थांब, आले," एवढंच त्या म्हणाल्या. वीस मिनिटांत ई-रिक्षा दाराशी. मावशी नवी कोरी साडी नेसून, केसात गजरा माळून उतरल्या. घरातलं सुतक बघून त्यांनी कंबरेवर हात ठेवले. आणि मग तो आवाज, पूर्ण स्टेशनचा, "यात्रीगण कृपया ध्यान दें! पगड़ीबेटी नाम सुरक्षित है. पगडीबेटी हे नाव सुरक्षित आहे." आम्ही तिघंही बघतच राहिलो. मावशी हसल्या. "अगं, मी रुमाल टाकलाय!"

दुकानातून निघाल्या त्याच संध्याकाळी त्यांनी पडावच्या कॉम्प्युटरवाल्याकडे बसून ते नाव स्वतःच्या नावावर घेऊन टाकलं होतं. "इतकं चांगलं नाव उघड्या खिडकीशी रिकामं ठेवायचं? कोणीही बसलं असतं." मी त्यांच्या गळ्यातच पडले. बाबांचा मात्र चेहरा अजून गोंधळलेला. "पण ताई, पितृपक्षात..." मावशींचं उत्तर तयार होतं. "भाऊ, रुमाल माझा आहे. तुम्ही कुठे बसलात अजून? तुम्ही आज बसा. तुमचा मुहूर्त जसाच्या तसा आहे." बाबांनी यावर विचार केला. चार वाक्यांचा माणूस तो, पण त्या दिवशी हसला तो असा, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. आणि मग आम्ही सगळ्यांनी श्रीखंड खाल्लं.

तुळशीच्या लग्नापर्यंत साईट उभी राहिली. पहिली ऑर्डर आली नागपूरहून. नवरदेवाने लिहिलं होतं, ग्वाल्हेरला एका लग्नात आला असताना नाव एकदा ऐकलं होतं, ते डोक्यात बसलं. मी ते मावशींना तीन वेळा वाचून दाखवलं. सीझन संपला तेव्हा घरमालक किल्ली मागायला आला. बाबा म्हणाले, "कसली किल्ली?" आणि मान खाली घालून पीळ देत राहिले. शेजारच्या साच्यावर माझी पगडी होती. नाव मात्र मावशींच्याच नावावर राहिलं. "उचलू दे गं माझा रुमाल," त्या अधूनमधून म्हणायच्या. मी म्हणायचे, "राहू द्या ना मावशी, तुम्ही आहात तर जागा पक्की वाटते." बाबा बदलले, पण एका बाबतीत नाही. ते नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. गिऱ्हाइकासमोरही 'आमची मुलगी' नाहीतर 'आमची ती साईट'.

मागच्या वर्षी मावशींचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. सर्दी नव्हती. ज्या गळ्याने सगळं स्टेशन हलवलं त्यातून फक्त वाफ निघाल्यासारखं कुजबुजणं यायला लागलं. मला त्यांच्यासमोर रडायची बंदी होती. तशातही त्या सगळं दोनदाच सांगत. "पानी देना. पाणी दे." कान तोंडाशी न्यावा लागायचा.

एका दुपारी त्यांनी मला खुणेने आपला मोबाइल आणायला सांगितलं. "आज रुमाल उचलायचा." मी नको म्हटलं. त्यांनी डोळे वटारले, ते अजून पूर्वीइतकेच मोठे होते. मी लॅपटॉप उघडला, नाव माझ्याकडे घ्यायचा अर्ज भरायला घेतला. 'सध्याचे मालक' असं लिहिलेलं होतं आणि पुढे नाव होतं, शकुंतला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं. मग खात्रीसाठी त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे आले. मी हात पुढे केला, पण त्यांनी मोबाइल दिला नाही. चष्मा लावला. उशीला टेकून ताठ बसल्या. आणि एकेक आकडा, मधे नेमकी जागा सोडून, त्यांनी हिंदीत सांगितला. मग मराठीत. मी पहिल्याच वेळी टाईप केलं होतं, तरी दुसऱ्यांदा सगळे आकडे ऐकले. "बस आता जागेवर," त्या म्हणाल्या. ती त्यांची शेवटची घोषणा. आठवडाभरात त्या गेल्या.

तेराव्याला पडावच्या घरात त्यांच्या जुन्या सोबतिणी होत्या, वन्सं होत्या, आम्ही होतो. विधी आटोपले. गुरुजी आवराआवर करत होते तेव्हा बाबांनी पिशवीतून डबा काढला. त्यात पगडी होती. सगळे बघायला लागले. बाईच्या तेराव्याला पगडी बांधत नाहीत, आणि बाईला तर नाहीच नाही. जो माणूस पितृपक्षात कॉम्प्युटरचं बटण दाबू देत नव्हता, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बस." गुरुजी म्हणाले, "अहो भाऊ, हे कुठल्या शास्त्रात?" बाबा म्हणाले, "जागा ताईंनी धरली होती, गुरुजी. बसायला कोणी नको?" आणि त्यांनी ती पगडी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, चोच सरळ केली. हात अगदी सावकाश चालत होते.

आम्ही निघालो तेव्हा मी तशीच रस्त्यावर आले. ई-रिक्षा बघायला पुढे गेले, रस्ता ओलांडला. पडावचा तो संध्याकाळचा गोंगाट तुम्हांला माहीत आहे, टेम्पो, हॉर्न, लॉजवाल्यांच्या हाका, वरून स्टेशनची घोषणा. बाबा पलीकडेच राहिले होते. त्यांना मी दिसत नव्हते. आणि त्या सगळ्या आवाजावरून बाबांची हाक आली, "पगडीबेटी!"

फळवाला वळला. रिक्षावाले वळले. चार प्रवासी बॅगा घेऊन वळले. मी तर पहिल्याच हाकेला वळले होते, हात वर केला होता, बाबांनी मला पाहिलंही होतं. तरी त्यांनी ती हाक दुसऱ्यांदा मारली.